नदीचा सातबारा

आमचं गाव खानदेशात, पांझरा नदीच्या काठावर आहे. गावातल्या मंदिराचा जीर्णोद्धार पुरा होत आला, म्हणून एक स्मरणिका काढायचं ठरलं आणि तिच्यात गावाचा इतिहास, जुने धंदे, चालीरीती यांवर एक मोठा भाग असावा असं सर्वांनी मान्य केलं. एवढ्यावर सारे एकमत होते. पुढे मात्र जे झालं ते खानदेशातल्या कुठल्याही नदीकाठच्या गावात आज होऊ शकेल. जुनी मंडळी आणि पुण्या-सुरतेला स्थायिक झालेले आमचे गाववाले म्हणू लागले की, गाव पूर्वी स्वयंपूर्ण होतं, पाट बारमाही वाहायचा, बारा बलुतेदार सुखानं नांदायचे, सरकारनं हात घातला आणि सगळं बसलं. यावर गावातली शिकलेली तरुण पोरं उसळली. ज्यांच्या आजोबांनी साल घातलं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबले, ज्यांच्या आज्यांनी घरोघर भाकरी मागून बलुतं गोळा केलं, त्यांची ही पोरं. त्यांचं म्हणणं असं की, ती स्वयंपूर्णता आमच्या पाठीवर उभी होती; ती गेली तेच बरं झालं; इतिहास लिहायचाच तर धरण, वीज आणि शाळा यांचा लिहा. दोन्हीकडून आवाज चढले. पारावरचं बोलणं घराघरात गेलं आणि स्मरणिका बाजूला राहिली.

मला दोन्ही बाजू जवळच्या आहेत, आणि दोन्ही बाजू चुकीच्या गोष्टीवर भांडत आहेत असं माझं ठाम मत आहे. नदीकाठच्या गावाचा वारसा म्हणजे मोट, घाणी, कुंभाराचं चाक असं आपण धरून चाललो आहोत. मग एकानं त्यासाठी उसासे टाकायचे आणि दुसऱ्यानं त्याचा धिक्कार करायचा, एवढंच उरतं. माझ्या मते गावानं पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली खरी गोष्ट म्हणजे एक तुटपुंजी नदी वाटून घेण्याचे नियम. त्या नियमांत एक मोठी खोट होती: ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याचं नदीवरचं जगणं कुठेच मोजलं गेलं नाही. दुर्दैव असं की नव्या काळानं नियम टाकून दिले आणि खोट तेवढी जपून ठेवली. गावाचा इतिहास लिहिताना हे सांगायचं नसेल तर बाकीचं लिहून काय उपयोग?

आधी नियमांविषयी, कारण आजच्या पंचविशीतल्या पोरांनी फड हा शब्द ऐकलाय, पण त्याचा कारभार पाहिलेला नाही. पांझरा, कान, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर दगड-चुन्याचे छोटे बंधारे घालून पाट काढायचे ही पद्धत किमान तीनशे वर्षं जुनी आहे. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, आणि जास्तीचं पाणी पुन्हा नदीत सोडायला सांडम. हे झालं बांधकाम. खरी कारागिरी पुढे आहे. पाटाखालची सगळी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत विभागायची. तो प्रत्येक तुकडा म्हणजे फड. एका फडात यंदा सगळ्यांनी ऊस, दुसऱ्यात सगळ्यांनी गहू-हरभरा, तिसऱ्यात खरिपाचं पीक. पुढच्या वर्षी पाळी फिरवायची. बहुतेक शेतकऱ्यांचा थोडा थोडा तुकडा प्रत्येक फडात असे. त्यामुळे पावसानं दगा दिला आणि एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली, तर कोण्या एकाच्या नशिबी दुष्काळ आणि दुसऱ्याच्या घरी सुकाळ असं होत नसे. तोटा सगळ्यांना सारखा वाटला जाई.

शेतात पाणी देण्याचं काम शेतकऱ्यानं करायचंच नाही, हा यातला सर्वांत शहाणा नियम. पाणी पाटकरी देणार. शेंड्याच्या शेतापासून सुरुवात की तोंडाच्या, कोणाचं भिजलं आणि कोणाचं राहिलं, हे तो पाहणार. राखण जागल्या करणार. जनावर शिरलं तर ते पाटलाचं की विधवेचं हे त्यानं बघायचं नाही. वरती पंच, वर्षातून एकदा हिशोब, आणि पाट साफ करायला घरटी एक माणूस. माझे आजोबा सांगत की, फडात ऊस ठरला असेल तर ‘माझ्या शेतात मी कपाशीच लावीन’ असं म्हणायची सोय नव्हती. पाण्यावर हक्क सांगायला कोणी उभा राहिलाच तर म्हातारी माणसं एवढंच विचारायची: पानी कोना बापनं शे? म्हणजे, पाणी कोणाच्या बापाचं आहे?

आता जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. तुम्हाला पाट हवा आहे, पण फडाचा नियम चालेल का? तुमच्या विहिरीतली दहा अश्वशक्तीची मोटर कधी चालू करायची हे गावानं ठरवलेलं चालेल? तुमच्या शेतात काय लावायचं हे पंचांनी ठरवलेलं चालेल? फडाची पहिली अट ही होती की, पाणी घेणाऱ्यानं आपली मर्जी बंधाऱ्याच्या पायाशी ठेवून यायचं. ती अट नको असेल तर तुम्हाला हळहळ आहे ती वाहत्या पाण्याच्या देखाव्याची.

या व्यवस्थेला ‘अडाण्यांचा जुना जुगाड’ म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि त्यांची सुरुवातीची नेमणूक याच खानदेशात झाली. साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ पाटाचं पाणी नाल्यापलीकडे नेणारा सायफन हे त्यांचं आरंभीचं काम. पुढे शतक उलटताना त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ‘ब्लॉक’ पद्धत मांडली: पाण्याखालची जमीन गटांत विभागायची, ऊस एका गटात बांधायचा, पिकं फिरवायची. फड आणि ब्लॉक शेजारी ठेवून पाहा. पांझरेच्या शेतकऱ्यांना जे आधीपासून कळलं होतं, तेच देशातल्या एका अव्वल अभियंत्यानं कालव्यांसाठी योग्य ठरवलं. ही गोष्ट आमच्या शाळेत कोणी शिकवली नाही याचं मला वाईट वाटतं.

विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मात्र पूर्ण मान्य करायला हवं. अर्धवट मान्य केलेलं सत्य वादात काही कामाचं नसतं. पहिलं म्हणजे फडाखालची जमीन मूठभर होती. नदीपासून दोन कोस आत गेलं की ज्वारी, बाजरी आणि आभाळ. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा छपन्न्या दुष्काळ आला, तेव्हा पाटही आटले आणि सांडमही; त्या वर्षी नियमांनी कोणाचं पोट भरलं नाही. ज्यांनी १९७२ साली खडी फोडली, त्यांना धरण का हवं होतं हे समजून घ्यायला पुस्तकं लागत नाहीत. गिरणा धरण १९६९ साली पुरं झालं आणि चाळीसगावपासून खाली कितीतरी गावांचा पिण्याच्या पाण्याचा घोर कमी झाला. आमच्या आयांच्या डोक्यावरचे हंडे उतरले ते फडामुळे नव्हे.

दुसरं जास्त बोचरं आहे. पाटकरी आणि जागल्या यांना धान्य मिळे, पण पंचांत त्यांना जागा नव्हती. पाणी त्यांच्या हातून वाहायचं, निर्णय मात्र थळकऱ्यांचे, म्हणजे जमीनवाल्यांचे. अंबाडी डोहात कुजवून वाख काढणारे, त्याचे दोर वळून मोटेला आणि नांगराला पुरवणारे, मेलेलं जनावर ओढून त्याच्या कातड्याची मोट शिवणारे, यांच्या श्रमाशिवाय एकही विहीर उपसली गेली नसती. तरी त्याच विहिरीवर त्यांना चढता येत नसे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं ते याच गावगाड्याविरुद्ध. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं संपायला १९५८ साल उजाडावं लागलं. सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू व्हायचं आणि पुढच्या आखाजीला संपायचं. मधल्या आजारपणात, लग्नात, मयतीत घेतलेली उचल फिटली नाही की पुन्हा त्याच दारात साल. आखाजीला गौराईची गाणी म्हणत झोक्यावर बसलेल्या लेकी आणि त्याच दिवशी ओसरीवर खाली मान घालून उभा असलेला सालदार ही एकाच सणाची दोन चित्रं आहेत. स्मरणिकेत पहिलं छापायचं आणि दुसरं गाळायचं, हे मला मंजूर नाही.

तेव्हा ‘स्वयंपूर्ण सुखी गाव’ ही कल्पना टिकत नाही. ती आपली स्वतःची तरी आहे का? गावं म्हणजे छोटी स्वयंपूर्ण प्रजासत्ताकं, राज्यं येतात आणि जातात पण गाव तसंच राहतं, असं चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३० साली लिहिलं, आणि तेही उत्तरेकडच्या गावांवरून. आपण ते घेतलं आणि आपल्या आजोबांच्या तोंडी घातलं. खानदेशचा इतिहास याच्या अगदी उलट सांगतो. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे १९५५ च्या सुमारास उत्खनन झालं, आणि तिथं साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. म्हणजे नदीकाठी वस्ती जुनी, हे खरं. पण ही वस्ती बंदिस्त कधीच नव्हती. तापीच्या काठाकाठानं बुऱ्हाणपूर ते सुरत माल जायचा. थाळनेर हे फारुकी घराण्याचं पहिलं ठाणं झालं ते वाटेमुळे आणि नदी ओलांडायच्या उतारामुळे. होळकर-शिंद्यांच्या झगड्यात आणि १८०३-०४ च्या दुष्काळात हा मुलूख एवढा उजाड झाला की १८१८ साली इंग्रज आले तेव्हा शेकडो गावं ओस पडली होती. आज ‘आम्ही इथले मूळचे’ म्हणणाऱ्या कितीतरी घराण्यांची गावं त्यानंतर पुन्हा वसली आहेत.

धंदेही असेच येत-जात राहिले. एके काळी इथे आल लावायचे. त्याच्या मुळांतून लाल रंग निघे, आणि मुळं काढायला तीन वर्षं थांबावं लागे. अलिझरिन या रासायनिक लाल रंगाचा शोध १८६८-६९ चा. त्यानंतर काही वर्षांतच आल लावणारा आणि रंगारी दोघांचाही धंदा बसला. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कपाशीला सोन्याचा भाव आला, भुसावळला रेल्वे आली, आणि ज्या काळ्या रानात दादर ज्वारी डोलायची तिथं कपाशी शिरली. कुठलं खानदेशी गाव मग ‘पारंपरिक’ म्हणायचं: आल पिकवणारं, कपाशी पिकवणारं, की केळीचं? धंद्यांत शाश्वत काही नव्हतं. जे दीर्घकाळ टिकलं ते एवढंच, की नदी सगळ्यांची आहे आणि ती वाटून घ्यायला काही रीत लागते. ही समज मोडली कधी?

माझं उत्तर आहे, १८७९ साली. त्या एका वर्षी मुंबई इलाख्यात दोन कायदे झाले. जमीन महसूल अधिनियमानं सांगितलं की नद्या, नाले आणि त्यांची पात्रं सरकारची. पाटबंधारे अधिनियमानं नदीच्या पाण्यावर आणि कालव्यांवर सरकारचा अधिकार पक्का केला. याच्या आधी जमिनींची मोजणी झाली होती. सावदा, फैजपूर, एरंडोल भागातल्या शेतकऱ्यांनी १८५२ साली तिला जोराचा विरोध केला, सरकारला फौज पाठवावी लागली, तेव्हा कुठे साखळ्या पडल्या. ते शेतकरी सारावाढीला भ्याले होते, आणि भिणं रास्तही होतं. पण त्या मोजणीतून आणखी एक गोष्ट घडली, जिच्याविरुद्ध ओरडायला कोणी नव्हतं. जमिनीचा तुकडा कोणाच्या तरी नावावर चढला आणि नदीचं पात्र कोणाच्याही नावावर चढलं नाही. आज आपण १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम काढून पाहिला तरी नद्या आणि त्यांची पात्रं सरकारचीच आहेत. कागदावर पात्र म्हणजे मोकळी जागा. तिथं कोणी राहत नाही, कोणी पिकवत नाही.

खरंच तिथं कोणी पिकवत नव्हतं? माझ्या मामाचं गाव तापीकाठी, पांझरा तापीला मिळते त्या मुडावदच्या अलीकडे. लहानपणी उन्हाळ्यात तिथं गेलो की आम्ही पोरं दिवसभर पात्रात असायचो. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की कोळी आणि भोई कुटुंबं वाळूत उतरायची. ओल लागेपर्यंत चर खणायचे, त्यात शेणखत घालायचं, टरबूज, डांगर, काकडी, गिलके लावायचे. वेल लहान असताना वाऱ्यानं उडणाऱ्या वाळूपासून राखायला कडेनं पऱ्हाट्यांचा आडोसा, कोल्ह्यांपासून राखायला रात्री खोपीत झोपायचं. फाल्गुनापासून फळ सुरू. कोणत्या घराची वाडी कुठून कुठपर्यंत हे सगळ्या गावाला ठाऊक असे, आणि पुरानं पात्र बदललं की बसून पुन्हा आखणी होई. एकही कागद नव्हता. वाडी संपली की मासेमारी, पावसाळ्यात नाव, त्या नावेबद्दल खळ्यावर दोन पायली धान्य. याच पात्रात परटांचा घाट होता. बायका वाळूत झिरा खणून गाळलेलं, गार पाणी भरायच्या. गावातल्या ज्या माणसाला बांधावर उभं राहायची जागा नव्हती, त्याला वर्षातले सहा महिने नदीनं जागा दिली होती.

आज त्या गावी गेलं की वाळूच दिसत नाही. काळे खडक, मातीचे ढिगारे आणि मधेमधे हिरवट पाण्याचे खड्डे. वाळू कुठे गेली हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर बोलायला कोणी तयार नाही. एक साधा हिशोब करून पाहू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळूच्या कणांमधली पोकळी ढोबळमानानं तिसरा हिस्सा धरली तर भिजलेल्या एका ब्रास वाळूत ९०० लिटरच्या वर पाणी मावतं. ते सगळं झिऱ्यात येत नाही, काही कणांना चिकटून राहतं, पण बराचसा भाग येतो आणि काठच्या विहिरींना मिळतो. दोन ब्रासची एक गाडी भरून गेली की दरवर्षी पावसाळ्यात भरणारी, उन्हात न आटणारी एक टाकी गावातून गेली. शेतकऱ्याची विहीर आटली तेव्हा तो तहसीलवर मोर्चा घेऊन गेला, आणि त्याचं बरोबरच होतं. ज्याची वाडी गेली तो कोळी कोणत्या कचेरीत जाणार? त्याच्याकडे दाखवायला सातबारा नाही. पीक पाहणीत त्याचं टरबूज कधी लागलं नाही. सरकारी भाषेत त्याचं काहीच नुकसान झालेलं नाही, कारण त्याचं काही होतंच असं कुठे लिहिलेलं नाही.

म्हणूनच मी म्हणतो की खोट तेवढी टिकली. फडाच्या पंचांत भूमिहीनाला जागा नव्हती. पाणीवापर संस्थांसाठी महाराष्ट्रानं २००५ साली चांगल्या हेतूनं कायदा केला. त्यातही सभासद कोण, तर लाभक्षेत्रातला जमीनधारक. तीनशे वर्षांत राज्यं बदलली, फडातला सामायिक तोटा गेला, पीक फिरवण्याची शिस्त गेली, पाटकऱ्याचा निःपक्षपातीपणा गेला. आणि जमीन असेल तरच पाण्यावर बोलायचं, हे एक कलम मात्र जसंच्या तसं पुढे आलं.

यावर तरुण मित्र मला एक प्रश्न विचारतात आणि तो वाजवी आहे. कोळ्याच्या पोराला आता वाळूत झोपायचंय कुठे? त्याला पोलीस भरती हवी, आयटीआय हवं. बापाचा धंदा पोरानं करावा असं म्हणणं म्हणजे जात पुन्हा गळ्यात बांधणं. अगदी बरोबर, आणि म्हणूनच नदीवरचा हक्क जन्मावर ठरू नये. जो गावात राहतो आणि ज्याला जमीन नाही, त्या कोणाचाही तो असावा. त्यानं टरबूज लावावं, मासे सोडावेत, की काहीच न करता ‘इथली वाळू विकायची नाही’ एवढं सभेत उभं राहून म्हणावं, हे त्याचं तो ठरवील. धंदा सोडण्याचं स्वातंत्र्य आणि हक्क हिसकावला जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांनी वाडी सोडली त्यांतले कितीतरी ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेले. त्यांना नवं काही निवडायला मिळालं, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

हे स्वप्नरंजन आहे का? खानदेशातच पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सातपुड्यातल्या आणि सह्याद्रीतल्या आदिवासींच्या बाबतीत एक मोठी गोष्ट मान्य केली: कागद नसला तरी पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर हाच हक्काचा आधार. कायद्याला जंगलात जे दिसलं ते नदीत का दिसू नये? आणि फडाचा मुलूख असलेल्या साक्री तालुक्यातच बारीपाडा आहे. तिथल्या आदिवासींनी चैत्राम पवारांच्या पुढाकारानं नव्वदीच्या दशकापासून उजाड झालेलं जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी, दंड, पाळीची राखण. जागल्याचंच काम ते, पण इथे जागल्या ठरवणाऱ्यांत बसला. झरे परत आले, विहिरींना पाणी आलं. त्याआधी पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सत्तरीच्या दशकात पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता घरातल्या माणसांवर वाटलं, भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस लावायचा नाही असं ठरवलं. फडातलं उत्तम ते घेतलं आणि फडाची खोट काढून टाकली, असंच मी या प्रयोगाकडे पाहतो. म्हणजे जुनं की नवं हा प्रश्न ज्यांनी काम केलं त्यांना पडलाच नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो: एवढी चर्चा कशाला, आधी पाणी तर आणा. तापीवरचं पाडळसे धरण पुरं करा, गिरणेवरचे सात बलून बंधारे, म्हणजे रबरी फुग्याचे बंधारे, बांधा, तापीचा महापुनर्भरण प्रकल्प करा. करा, जरूर करा. अमळनेरकर कित्येक वर्षं पाडळसेची वाट पाहत आहेत, त्यांना कोणी नियमांचे धडे देऊ नयेत. पण नुसतं पाणी आल्यानं काय होतं याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यांत आहे. यावल-रावेरचा पट्टा घ्या. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, पायथ्याशी दगडगोट्यांची अशी जमीन की पावसाचं पाणी सरळ पोटात घ्यावं. तिथंच केळीसाठी बोअर खोल खोल जात राहिले आणि आता जमिनीतलं पाणी पुन्हा भरायला दोन राज्यांना मिळून प्रकल्प करावा लागतो आहे. मी केळी लावणाऱ्याला दोष देत नाही. त्याच्यावर कर्ज आहे, करपा आहे, वादळ आहे, भाव पडणं आहे. पण एकाच्या शेजारी दुसरा, आणि कोणी किती उपसायचं याची काहीही रीत नाही, तर भरलेलं पाणी पुन्हा किती वर्षं पुरेल? फड चालवणाऱ्या अक्षरशत्रू पंचांनी हा प्रश्न दर आखाजीच्या आधी विचारला होता. आपण तो विचारायचं सोडलं.

आमच्या स्मरणिकेचा कच्चा मजकूर माझ्याकडे आला आहे. मंदिराला नऊ पानं, देणगीदारांना सहा, जुन्या पाटील घराण्यांच्या वंशावळी पाच पानं. ‘जुने धंदे’ या मथळ्याखाली पाऊण पान, त्यात बलुतेदारांची नुसती यादी. मी संपादकांना कळवलं आहे की माझा लेख छापू नका, त्याऐवजी ती पानं मला द्या. त्यांत फडाचे नियम लिहायचे, कोणत्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवला ते लिहायचं. पाटकऱ्यांची आणि जागल्यांची नावं पिढीवार लावायची. सालदारांनी किती साल घातली ते त्यांच्या मुलांना विचारून लिहायचं. आणि पात्राचा एक नकाशा काढायचा, कोणाची वाडी कुठे होती, झिरा कुठे, परटांचा घाट कुठे, नाव कुठे लागायची. हा नकाशा ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडायचा, म्हणजे उद्या वाळूच्या गटाचा विषय सभेपुढे येईल तेव्हा ती जागा मोकळी होती असं कोणाला म्हणता येणार नाही.

संपादकांचा होकार अजून आलेला नाही. शेवटच्या पाटकऱ्याचे चिरंजीव मात्र तयार झाले आहेत. त्यांचं वय पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात, तरी बंधाऱ्यापासून शेवटच्या सांडमापर्यंत चालत येतो आणि कोणतं दार कोणत्या फडाचं ते सांगतो, असं ते म्हणाले. पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला आम्ही बंधाऱ्यावर जमणार आहोत. पारावर भांडलेल्या दोन्ही बाजूंच्या पोरांना मी बोलावलं आहे, आणि वहीपेन आणायला सांगितलं आहे.